धुरी गुरुजींचा गिअरबॉक्स

गाडीत गिअरबॉक्स कशाला असतो हे ज्यांना माहीत नाही, त्यांच्यासाठी आधी ते सांगते. इंजिन फिरतं एका वेगाने, चाकं फिरवायची असतात दुसऱ्या वेगाने. चढ आला की ताकद हवी, सपाट रस्ता आला की वेग हवा. हे जमवून आणायला मध्ये लहानमोठ्या दातेरी चाकांची एक पेटी असते, तेलात बुडालेली. तोच गिअरबॉक्स. तो धड असला की त्याची कोणाला आठवण होत नाही. बिघडला की घरघरतो, करकरतो, कण्हतो, आणि मालक घाबरून गॅरेज शोधत येतो.

आमचं गॅरेज देवगडजवळ जामसंड्यात. माझे यजमान ते चालवायचे. ते जाऊन पुष्कळ वर्षं झाली. आता मुलगा प्रकाश चालवतो आणि मी बाकावर बसून त्याच्या चुका काढते. 'बाईमाणूस असून या धंद्यात कशा आलात' यावर लिहा, असं या दिवाळी अंकवाल्यांनी सांगितलं होतं. त्यात लिहिण्यासारखं काही नाही. चौथी शिकले, लग्न झालं, यजमानांचा डबा घेऊन गॅरेजवर जायचे. हातोड्याच्या ठोक्यांनी त्यांचे कान अधू झाले होते. एक दिवस ते एका जीपखाली झोपून पुढचा भाग उघडत होते. मी म्हटलं, आवाज मागून येतोय. त्यांनी मला शिव्या घातल्या. संध्याकाळी मागच्या दोन चाकांमधला गोल डबा उघडला, तर आत बेअरिंग फुटलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, "जेवणाचो डबो मी नेतंय. तू नुसते कान घेवन ये." एवढीच माझी गोष्ट.

मी लिहिणार आहे ते माझ्या एका चुकीबद्दल. ती निभावली म्हणून लिहिते. निभावली नसती तर गप्प बसले असते.

आवाज ओळखायची रीत अवघड नाही. गाडी उभी ठेवा, इंजिन चालू, गिअर टाकलेला नाही. घरघर येते का? येत असेल तर क्लच दाबा. थांबली, तर पेटीच्या तोंडाचं बेअरिंग गेलं. उलट क्लच दाबल्यावरच सुरू होत असेल, तर क्लचचं बेअरिंग. एकाच गिअरमध्ये वाजत असेल तर त्या गिअरचे दाते. गिअर टाकताना कर्र होत असेल, तर एक तर क्लच पुरता सुटत नाही, नाहीतर आतली पितळेची रिंग झिजली. आणि गिअर काढून गाडी उतारावर नुसती सोडली तरी वेगाबरोबर आवाज वाढत असेल, तर चाकांकडे जा. फक्त एक घोटाळा आहे. हल्लीच्या लहान गाड्यांत दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा भाग गिअरबॉक्सच्याच पेटीत असतो. तो बिघडला तरी अगदी चाकासारखाच वाजतो. तिथे माणूस फसतो.

ऐकायला माझ्याकडे फुंकणी आहे. चुलीची, लोखंडाची. एक टोक पेटीवर टेकवायचं, दुसरं कानाला. गॅरेजच्या गलक्यातही आतलं बेअरिंग वेगळं ऐकू येतं. चुलीपाशी माझी फुंकणी कधी सापडत नाही म्हणून सासूबाई शेवटपर्यंत चिडत होत्या. पण देवगडापासून विजयदुर्गापर्यंत लोक सांगायचे, फुंकणी लावली की म्हातारीचा शब्द शेवटचा. मलाही ते ऐकायला आवडायचं. नाही कशाला म्हणू?

फुंकणीच्या आधी मात्र एक काम असतं. मालकाला विचारायचं. कधी वाजतं, कुठे वाजतं, शेवटी काय केलं होतं. आणि मालक अर्धं लपवतो हे धरून चालायचं. विजयदुर्गाचा पांडू म्हणून एक मासळीवाला होता. त्याच्या टेम्पोचे गिअर करकरत पडायचे. प्रकाशने तेल काढायचा बोल्ट सोडला आणि सगळ्या गॅरेजात असा वास सुटला की समोरच्या घरातली मांजरं रस्ता ओलांडून आली.

मी विचारलं, "पांडू, ह्यात काय घातलंस?"

"त्याल."

"कसला त्याल?"

"त्यालच. कमी झाला होता."

"होडयेक लायतास ता माशाचा त्याल?"

पांडू जमिनीकडे बघत म्हणाला, "वयनी, वीस वर्सां होडयेक लायतंय. एक फळी कुजाक नाय."

"मगे तुजो टेम्पो लाकडाचो आसा काय रे?"

पेटी दोनदा धुतली, तेव्हा गाडी सुधारली. मांजरं मात्र पुढे महिनाभर पांडूचा टेम्पो दिसला की त्याच्याखाली जाऊन बसायची. हे सगळं दोन प्रश्न विचारल्यामुळे कळलं. धुरी गुरुजींना मी एकही प्रश्न विचारला नाही.

धुरी गुरुजी म्हणजे शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. साधी वेळ विचारली तरी पूर्ण तास घेणारे. त्यांच्या पत्नीची, शालिनीची, मूत्रपिंडं निकामी झाली आहेत. दर मंगळवारी आणि शुक्रवारी तिला डायलिसिसला कुडाळला न्यावं लागतं. गुरुजींची एक जुनी लहान गाडी आहे. त्यात डावीकडची पुढची सीट पार मागे पाडून, उशी लावून शालिनी पडून जाते आणि पडून येते. येताना तिला हमखास उलट्या होतात. भाड्याच्या गाडीत ती बसत नाही. "लोकाच्या गाडयेत ओकाक माका लाज वाटता," म्हणते. एसटीत ती बसूच शकत नाही. म्हणजे ती गाडी आहे तोवर डायलिसिस आहे, असा प्रकार.

एका शनिवारी सकाळी गुरुजी गाडी घेऊन आले.

"वहिनी, गाडीतून घरघर येते आहे. म्हणजे त्याचं असं झालं, की गेल्या महिन्यात आम्ही जेव्हा—"

मी म्हटलं, "गुरुजी, चावी द्या आणि बाकावर बसा."

ते बसले. प्रकाशने आणि मी गाडी वर सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या सपाट माळावर नेली, तिथे रस्ता सरळ आहे. वेगाबरोबर घरघर वाढत होती. गिअर काढला तरी येत होती. परत येऊन प्रकाशने चारही चाकं धरून हलवली, एकही ढिलं नव्हतं. पुढची चाकं जॅकवर उचलून गिअरमध्ये फिरवली, मी खाली वाकून फुंकणी लावली. पेटीत स्पष्ट घरघर. तेल काढून बोटांत चोळलं, तर त्यात पितळेची चकाकी. माझं ठरलं.

"गुरुजी, गिअरबॉक्स उतरवून उघडावा लागेल. आतलं सामान कोल्हापूरहून येणार. पाच-सहा दिवस धरा."

"मंगळवार चुकेल."

"मंगळवारी दुसरी गाडी करा."

"ती बसत नाही हो. आणि डॉक्टरांनी बजावलं आहे, एकही पाळी चुकवायची नाही. पाणी छातीत चढतं."

"आणि अशीच चालवलीत तर? पेटीत आत काही तुटून अडकलं तर पुढची चाकं जागच्या जागी थांबतील. गाडी वळणावर असली तर?"

गुरुजी उठून गाडीतली उशी सारखी करायला लागले. मी बोलले ते खोटं नव्हतं. आत अडकलेल्या पेटीने गाडी रस्त्यावरून खाली गेलेली मी पाहिली आहे. आम्ही नवीन तेल भरलं आणि गुरुजी गाडी हळूहळू चालवत घरी गेले, विचार करून सांगतो म्हणाले.

विचार म्हणजे काय, तर रविवारी सकाळी ते माझ्या दारात. "वहिनी, देवळात येता? कौल लावायचा आहे."

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे अडलेल्या गोष्टीत गावच्या देवाला विचारतात. गुरव देवाच्या पाषाणाला दोन्ही बाजूंनी फुलाच्या पाकळ्या चिकटवतो. उजवीकडची पडली तर असं करायचं, डावीकडची पडली तर तसं, हे आधी ठरवून देवाला सांगायचं. मग वाट बघायची.

मी म्हटलं, "गुरुजी, तुम्ही शाळेत विज्ञान शिकवायचात ना?"

"शिकवायचो. पण मंगळवार दोन दिवसांवर आला आहे."

"मग मी कशाला हवी?"

"गुरवाला गाडीतलं काही कळत नाही. प्रश्न नीट मांडायला कोणीतरी हवं."

गेले. मी देव मानते. देवाला गिअरबॉक्स कळतो असं मात्र मला वाटत नाही. देवळात पाच-सहा माणसं होती. बाबी गुरवाने पाकळ्या लावल्या, हात जोडले आणि देवाला गाऱ्हाणं घालायला लागला.

"बा देवा म्हाराजा! आज ह्ये तुजे लेकरू धुरी गुरुजी तुज्या पायाकडे इल्ले आसत, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"तेंच्या गाडयेचो जो काय..." बाबी थांबला आणि मला हळूच विचारलं, "वयनी, काय म्हणतत तेका?"

"गिअरबॉक्स."

"...जो काय गिरबॉक घरघरता, तो उघडूचो तर उजवी दी, नाय उघडूचो तर डावी दी, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

बराच वेळ काही पडलं नाही. मग डावीकडची पाकळी सुटली. देव म्हणाला, उघडू नको. गुरुजींनी डोळे मिटून हात जोडले.

माझा संताप झाला. मी म्हटलं, "बाबी, मगे घरघर कसली ती पण इचार."

"वयनी, येका टायमाक येकच इचारूक व्हया. आणि कसली घरघर ता देवान कित्याक सांगूचा? ता तुमचा काम."

घरी आल्यावर प्रकाश हसून हसून लोळला. "आये, देवाचो तुज्यार इश्वास नाय गो!"

"तुजो आसा ना? मगे गप ऱ्हव."

तोंडाने हे म्हटलं, पण माझा जीव थाऱ्यावर नव्हता. गुरुजी आता गाडी तशीच काढणार. मंगळवारी पहाटे निघणार, शालिनी सीटवर पडलेली. पेटी वळणावर अडकली तर? त्यांना अडवायचं, तर मंगळवार चुकणार. दोन्हीकडून त्या बाईचाच जीव. उघडू नको हे ऐकायला माझं मन तयार नव्हतं, पण एक गोष्ट खरी होती. उघडायचं नाही असं ठरल्यावर बाहेरून पुन्हा एकदा ऐकण्यापलीकडे माझ्या हातात काही उरलं नव्हतं.

सोमवारी सकाळी मी चालत गुरुजींच्या घरी गेले. गिऱ्हाइकाच्या घरी मी कधी जात नाही. गुरुजी खळ्यात, घरापुढच्या अंगणात, पेपर वाचत होते, दचकले.

"गाडी काढा," मी म्हटलं. "शालिनीलाही घ्या. मंगळवारी जसे जाता तसे बसा. मी मागे बसते. मी रिकामी गाडी बघितली होती, ती सरळ रस्त्यावर."

शालिनी हळूहळू येऊन आपल्या जागी आडवी झाली. हातपाय सुजलेले, डोळे मिटलेले. मी गुरुजींच्या मागे बसले. गुरुजींनी गाडी खाडीच्या रस्त्याला घातली आणि बोलायला सुरुवात केली. तो रस्ता कोणी बांधला, आधी कुठून जायचा, उधाणाच्या भरतीला त्यावर पाणी कसं येतं, आणि तरीही ते त्या पाण्यातूनच गाडी कशी काढतात. मी आवाजाकडे कान देत होते. घरघर यायची, जायची. मला तिचं गणित लागत नव्हतं.

तेवढ्यात शालिनी डोळे न उघडता म्हणाली, "आता वळान येतला. आता सुरू होतली बघा."

वळण आलं. गाडी उजवीकडे वळली आणि घरघर वाढली.

"आणि आता गप होतली."

गाडी डावीकडे वळली. घरघर थांबली.

मी पुढे वाकले. "गो शालिनी, तुका कसा कळता?"

"दोन म्हयने हयच पडान जातंय. दुसरा काय करूचा? उजवीकडे वळली काय घरघर, डावीकडे वळली काय गप. आणि ता काय पेटयेतसून येणा नाय. हय, माज्या पायांखालसून येता."

"कोणाक सांगलंस?"

"कोणी इचारल्यान?"

"मी तुला विचारलं होतं ना, आवाज येतो का म्हणून?" गुरुजी म्हणाले.

"येता काय म्हणान इचारलास. व्हय म्हटलंय. मगे तुमी बोलाक लागलास."

मी म्हटलं, "गुरुजी, गाडी फिरवा. गॅरेजवर."

कारण साधं आहे. गाडी उजवीकडे वळते तेव्हा तिचा सगळा भार डाव्या चाकांवर जातो. डावीकडे वळते तेव्हा तो भार उतरतो. गिअरबॉक्सच्या दात्यांना गाडी कुठे वळते याच्याशी काही देणंघेणं नसतं. पुढच्या डाव्या चाकाचं बेअरिंग. शालिनीच्या पायांखाली, हातभर अंतरावर. चाकापासून पेटीपर्यंत लोखंडी दांडा जातो, त्यावरून तो आवाज पेटीत उतरला होता, आणि मी पेटीला फुंकणी लावून तो तिथलाच समजले होते. चाक ढिलं नव्हतं म्हणून चाकाला लावलीच नाही. तेलात पितळेची चकाकी होती, खरी. एवढ्या जुन्या कुठल्याही गाडीच्या तेलात ती असते. मी ठरवून बसले होते, म्हणून ती मला पुरावा वाटली.

प्रकाशने चाक खोललं. बेअरिंग काढून माझ्या हातात दिलं. बोटांनी फिरवलं तर वाळू भरल्यासारखं रखरखलं. आत लाल गंज. उधाणाच्या खाऱ्या पाण्याने खाल्लं होतं. नवीन बेअरिंग देवगडातच मिळालं आणि दुपारपर्यंत बसलं. सड्यावर नेऊन गाडी दोन्ही बाजूंना वळवून बघितली. आवाज नाही. प्रकाश मुकाट्याने चालवत होता, टोमणाही मारला नाही. म्हणजे त्यालाही भीती वाटली होती.

गुरुजी मात्र फुलले. "बघा वहिनी, देवाने सांगितलंच होतं!"

"देवाने उघडू नको म्हणून सांगितलं. बेअरिंग तुमच्या बायकोने सांगितलं," मी म्हटलं. "आणि चूक माझी. शनिवारी तुम्ही हो म्हणाला असतात तर मी पेटी उतरवली असती, उघडली असती, सामान बदललं असतं. सहा दिवसांनी परत बसवली असती आणि घरघर तशीच आली असती. आणि मंगळवार गेला असता."

गुरुजींनी ते जुनं बेअरिंग उचलून बोटांनी फिरवून बघितलं. मग म्हणाले, "मी तरी तिला नीट कुठे विचारलं."

त्या रात्री मला एका गोष्टीचा त्रास झाला, तोही लिहून टाकते. माझ्या आयुष्यात मी उगाच उघडलेल्या पेट्या किती असतील? पेटी उतरवताना चाकं खोलावीच लागतात. हात लागलाच आहे तर चाकाचं बेअरिंगही बदलून टाकू, असं आम्ही कधी कधी म्हणायचो. आवाज जायचा. मालक खूश, मी खूश, नाव फुंकणीचं. त्यातल्या किती गाड्यांना नुसतं बेअरिंगच हवं होतं, हे आता कोण सांगणार? ज्यांच्या पेट्या उघडल्या ते आभार मानून गेले. त्यांच्याकडे जाऊन सांगण्याएवढी मी चांगली नाही.

मंगळवारी पहाटे ते कुडाळला गेले. जाताना आमच्या दारावरून गेले. मी ऐकलं, गाडी गप्प होती. तरी दिवसभर मन लागेना. एकदा चुकलेला माणूस दुसऱ्यांदा चुकत नाही असं थोडंच आहे? उजव्या चाकाचं काय? पेटीतलं ते पितळ खरंच साधंच होतं का? दुपारी सून दोनदा जेवायला बोलवून गेली. मी म्हटलं, झाकून ठेव. प्रकाश गाडीखालून ओरडला, "आये, जेव गो! आता कौल लावन जेवतलंस काय?"

येण्याची वेळ झाली, टळली. मी रस्त्याकडे बघायचंही सोडून दिलं. मग प्रकाशचा फोन वाजला. बोलून त्याने तो माझ्या कानाला लावला.

"वहिनी, आम्ही पोचलो घरी," गुरुजी म्हणाले. "वाटेत जरा थांबत थांबत आलो. त्याचं कारण असं, की—"

त्यांच्या हातातून फोन कोणी तरी घेतला. शालिनीचा आवाज थकलेला होता, पण नीट ऐकू येत होता.

"वयनी, माका गाडयेत झोप लागली गो. घर इला ताच माका कळाक नाय. ह्येनी माका जाग येव नये म्हणान गाडी हळू हाकली, म्हणान उशीर."

मी म्हटलं, "बरा झाला. आता पड."

फोन प्रकाशला दिला आणि आत गेले. पेडवे माशांचं तिखलं पार गार झालं होतं. तसंच जेवले, आणि पोटभर जेवले.